नखांचा वाद मुलीच्या वळणावर कशाला नेता?

लांब नकली नखांवरून हल्ली कुठेही वाद पेटतो, घरात, कॉलेजात, ऑफिसात, फोनवर, आणि त्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की पहिल्या दोन वाक्यांतच नखं बाजूला पडतात आणि मुलीची चर्चा सुरू होते. एक बाजू म्हणते असली नखं लावणारी मुलगी कामाची नाही, आळशी आहे, दिखाऊ आहे, तिला वळण नाही. दुसरी बाजू म्हणते माझे हात, माझे पैसे, माझी मर्जी, विषय संपला. आणि मग खरंच विषय संपतो, कारण दोघांनाही पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. माझं मत मी आधीच सांगून टाकते. लांब नखं हा वळणाचा किंवा संस्कारांचा प्रश्न नाहीच, तो कामाचा आणि रसायनांचा प्रश्न आहे. कुठल्या कामात ती चालणार नाहीत, आणि ती बोटावर बसवायला नेमकं काय वापरलं जातं, या दोन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत. पण वळणाचा गोंगाट इतका असतो की या दोन गोष्टींची माहिती ज्या मुलींना सगळ्यात जास्त हवी त्यांच्यापर्यंतच ती पोचत नाही, आणि म्हणून हा गोंगाट मला नुसता अन्यायाचा नाही तर धोक्याचाही वाटतो.

आधी एक साधी गोष्ट, जी भांडणारे बहुतेक लोक लक्षातच घेत नाहीत. नकली नखं म्हणजे एकच प्रकार नसतो. प्रेस-ऑन नखं नुसती चिकटवायची आणि काढून ठेवायची असतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये एक पातळ द्रव आणि एक पावडर एकत्र करून त्याचा लगदा नखावर किंवा चिकटवलेल्या टिपवर बसवतात आणि तो हवेतच कडक होतो. जेल मात्र यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या, लॅम्पखाली धरल्याशिवाय कडक होत नाही. म्हणजे एकीत नुसता गोंद आहे, दुसरीत डोक्यात जाणारा वास आणि फाइल करताना उडणारी धूळ आहे, तिसरीत यूव्ही आहे. या तिन्हींचे धोके वेगळे, काढायच्या पद्धती वेगळ्या. पण ओरडताना सगळ्यांना एकाच माळेत ओवलं जातं आणि पाठराखण करतानाही तसंच.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो मी पूर्ण मान्य करते आणि जो टाळणं अप्रामाणिकपणा होईल. हॉस्पिटलमध्ये नकली नखं चालत नाहीत, चालू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात स्वच्छ ठेवण्याबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात पेशंटला थेट हात लावणाऱ्यांनी नकली नखं किंवा एक्स्टेन्शन वापरू नयेत, आणि स्वतःची नखंही अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा वाढवू नयेत, असं साफ लिहिलंय. कारण हाताला चिकटलेले बहुतांश जंतू नखाच्या खालच्या फटीत राहतात, आणि नकली नखांखाली ते धुऊनही जास्त शिल्लक राहतात हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय. ओक्लाहोमा शहरातल्या एका हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात १९९७-९८ मध्ये सूडोमोनास या जंतूची साथ बरेच महिने चालली, लागण झालेल्यांपैकी १६ बाळं दगावली, आणि तपासात ज्या नर्सेसचा या जंतूशी संबंध दिसला त्यांच्यातल्या एकीची स्वतःची नखं लांब होती आणि एकीची नकली होती. नखांमुळेच झालं असं शंभर टक्के सिद्ध करता आलं नाही, पण संशय एवढा बळकट होता की त्यानंतर या विषयावरचे नियम लिहिणारा कुणीही ती घटना विसरू शकला नाही. कुणाची हौस एका बाळाच्या जिवापेक्षा मोठी नसते. याला माझी मर्जी हे उत्तर होऊच शकत नाही.

पण या उदाहरणाचा अर्थ काय काढायचा ते नीट बघा. त्याच सूचनांमध्ये अंगठ्या काढून ठेवायलाही सांगितलंय. लग्नाची अंगठी घातलेल्या सर्जनला ऑपरेशनच्या आधी ती काढायला लावतात तेव्हा तो छचोर आहे, त्याला वळण नाही, असं कुणी म्हणतं का? नियम हाताला आहे, त्या हाताच्या मालकाच्या स्वभावाला नाही, आणि तो ड्यूटीपुरता आहे. ओक्लाहोमाच्या त्या तपासात एकीची नखं नैसर्गिक होती हेही विसरू नका, म्हणजे जंतूला नखं विकतची आहेत की उगवलेली याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. मग जे लोक स्वच्छतेच्या नावाने नकली नखांवर तुटून पडतात त्यांनी तोच आग्रह प्रत्येक वाढलेल्या नखाला, घरातल्या पुरुषांच्या करंगळीच्या वाढवलेल्या नखालासुद्धा, आणि हात न धुता जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाला लावायला हवा. तो लावला जात नाही, आणि म्हणून मला वाटतं की स्वच्छता हा बऱ्याच वेळा राग झाकायचा रुमाल असतो. जिथे खरंच स्वच्छतेची काळजी आहे, जसं की बाळं सांभाळणं, पेशंट, दुसऱ्यांसाठी अन्न बनवणं, तिथे नियम असावा, लेखी असावा, सगळ्यांना सारखा असावा. जिथे नखं लावणाऱ्या बाईसाहेब दिवसभर हिशेब तपासतात किंवा कोड लिहितात तिथे हा मुद्दा आणायचं कारण काय?

दुसरा मुद्दा कामाचा. असली नखं घेऊन ही काय काम करणार? हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलाय की त्याला उत्तर आधीच मिळून गेलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकन धावपटू फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनरने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं, लांब रंगवलेल्या नखांसकट. २०० मीटरचा तिचा २१.३४ सेकंदांचा विक्रम तिथलाच, आणि १०० मीटरचा १०.४९ त्याच वर्षीच्या जुलैमधला, दोन्ही अजून कायम आहेत. तिच्या वेगावर लोकांनी शंका घेतल्या, वाऱ्याचं मोजमाप चुकलं असेल म्हणाले, डोपिंगचा संशय घेतला, जरी ती कुठल्याही चाचणीत सापडली नाही. त्या शंकांचं काय करायचं ते करा. गेल डेव्हर्स १९९२ आणि १९९६ असं लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेली तेव्हाही तिची नखं लांबच होती. शकॅरी रिचर्डसन २०२३ मध्ये बुडापेस्टला १०० मीटरमध्ये जगज्जेती झाली, तिचीही. धावायच्या आधी बोटांची टोकं जमिनीवर टेकवून ओणवं बसावं लागतं, म्हणजे बोटांशी संबंधच नाही असंही म्हणता येत नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो की या असामान्य बायका, सामान्य मुलीचं काय. बरोबर आहे, लांब नखांनी काही गोष्टी खरंच अवघड होतात, चिमटीत नाणं उचलणं, कॉन्टॅक्ट लेन्स काढणं, बटण लावणं, फोनच्या स्क्रीनला नखाचं टोक कळतच नाही त्यामुळे बोट आडवं करून टाइप करावं लागतं. पहिल्यांदा लावणारी मुलगी काही दिवस चाचपडते हे खरंय. पण हात शिकतो. आणि ही अडचण जिची तिलाच होते, ती तिने पैसे मोजून पत्करलेली असते, तिचं काम वेळेवर आणि नीट होत असेल तर आपण कशाची तक्रार करतोय? काम बघा की. काम बिघडलं असेल तर कामाबद्दल बोला. क्लासिकल गिटार वाजवणारे पुरुष उजव्या हाताची नखं वाढवतात, ती तुटू नयेत म्हणून त्यांच्यावर अ‍ॅक्रिलिकचे थर चढवून घेतात, त्यासाठी मुलींच्या शेजारच्या खुर्चीत बसतात. सरोद वाजवणारे डाव्या हाताच्या नखाने तार दाबतात, त्यातूनच ती स्वच्छ मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघते, आणि ते आपल्या नखांना इतकं जपतात की बघत राहावं. त्या नखांना आपण साधना म्हणतो. मला ते योग्यच वाटतं, पण मग हेही दिसतं की नखाची लांबी किंवा त्यावरचं प्लॅस्टिक हे कधीच दुखणं नव्हतं.

मग दुखणं कशाचं आहे? इथे इतिहासात थोडं मागे जायला हवं, कारण टीका करणाऱ्यांचा एक अंदाज अर्धा बरोबर आहे. लांब नखं ही एके काळी खरंच मी काम करत नाही हे सांगायची पद्धत होती. चीनच्या छिंग दरबारातल्या राजघराण्यातल्या स्त्रिया नखं बोटभर वाढवायच्या आणि ती मोडू नयेत म्हणून त्यांच्यावर सोन्याचांदीची, रत्नं जडवलेली टोपणं घालायच्या. सम्राज्ञी त्सशीच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोंमध्ये ती स्पष्ट दिसतात. तशा हातांना जेवायला, कपडे घालायला दुसऱ्याचे हात लागायचे आणि तेच तर दाखवायचं होतं. आपल्याकडे बघायचं तर कामसूत्रात नखांवर सबंध प्रकरण आहे आणि त्यात प्रांताप्रांतातल्या लोकांची नखं कशी असतात तेही दिलंय. गौड देशातल्यांची, म्हणजे बंगालकडच्यांची, लांब, हाताला शोभा देणारी आणि स्त्रियांचं मन ओढून घेणारी. दक्षिणेकडच्यांची आखूड, कामाला टिकणारी. आणि महाराष्ट्रातल्यांची मध्यम, दोन्हीकडची. शोभा आणि काम यांच्यातली ओढाताण तेव्हाही लोकांना माहीत होती, फक्त तिथे ती शोभा पुरुषांच्या हाताची आहे आणि तिच्यावर भाळणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि कुणी कुणाला वळण शिकवत नाहीये.

विसाव्या शतकाच्या मध्यावर दातांच्या कामातलं अ‍ॅक्रिलिक नखांवर आलं आणि हे सगळं उलटंपालटं झालं. जी गोष्ट फक्त नोकरचाकर असलेल्या बाईला परवडत होती ती दोन तासांत, कुणालाही, काम करता करता मिळायला लागली. दुकानात बिलं करणारी, रिसेप्शनला बसणारी, स्वतः दुसऱ्यांची नखं करून पोट भरणारी मुलगी ती लावायला लागली. माझ्या मते रागाचं मूळ इथे आहे. जिने राबावं अशी आपली अपेक्षा आहे तिने निवांतपणाची खूण मिरवली की ते सहन होत नाही. आणि हे जुनंच दुखणं आहे. इंग्लंडमध्ये १३६३ साली कायदाच केला होता की कारागिरांनी आणि त्यांच्या बायकांनी रेशीम घालायचं नाही, सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, प्रत्येकाने आपापल्या पायरीप्रमाणे कपडे घालायचे. आपल्याकडे तर कुणी काय नेसावं, कुठला धातू अंगावर घालावा हे जातीने ठरवून दिलेलं होतं, म्हणून तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसायची जुनी पद्धत आणि दुरूनच ओळख पटवणारे ते जड दागिने टाकून द्यायला सांगितलं. नखांचा वाद त्या लढ्याच्या तोलाचा आहे असं मी म्हणत नाहीये, मुळीच नाही. पण अंगावर काय दिसतं ही फालतू बायकी गोष्ट आहे असं जे म्हणतात त्यांनी हे आठवावं की माणसाला त्याच्या पायरीवर बसवून ठेवायचं काम सगळ्यात आधी त्याच्या दिसण्यावरूनच केलं गेलंय. मुलीची नखं बघून ही आपली पायरी विसरली असं ज्याला आतून वाटतं त्याने ते वाटणं जरा तपासून बघावं.

याच रागामुळे आरोपही एकमेकांना छेद देणारे निघतात. एकीकडे म्हणायचं पुरुषांचं लक्ष वेधायला लावतात, आणि त्याच दमात म्हणायचं पुरुषांना असली नखं आवडतच नाहीत. दोन्ही एकदम खरं कसं असेल? आवडत नाहीत हे माहीत असूनही मुली लावतात तर मग त्या पुरुषांसाठी लावत नाहीत हा साधा निष्कर्ष आहे, आणि ज्याने कुठल्याही दोन मैत्रिणींना एकमेकींचे हात हातात घेऊन डिझाइन बघताना पाहिलंय त्याला तो निष्कर्षाशिवायही माहीत असतो. नैसर्गिक नाहीत हा आरोप तर मला कळतच नाही. केसांचा कलप, चष्मा, दातांची कवळी यातलं काय नैसर्गिक आहे?

इथपर्यंत वाचून ज्या मैत्रिणींना मी पूर्ण त्यांच्या बाजूची वाटले असेन त्यांच्याशी आता मला भांडायचंय. माझी मर्जी हे उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर मारायला ठीक आहे, स्वतःला देण्यासाठी ते अपुरं आहे. मर्जी कशाच्या आधारावर? बाटलीत काय आहे हे माहीत नसताना केलेल्या निवडीला निवड म्हणायचं का? अ‍ॅक्रिलिक नखांसाठी सुरुवातीला मिथाइल मेथाक्रिलेट वापरायचे, त्याने बोटांना आणि नखांना इतका त्रास झाला की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, कोर्टात जाऊन निव्वळ त्याच रसायनाची उत्पादनं बाजारातून हटवावी लागली. बऱ्याच जेलमध्ये आणि प्रायमरमध्ये, म्हणजे नखावर आधी लावायच्या थरात, याच अ‍ॅक्रिलेट कुळातलं हेमा नावाचं रसायन असतं, ते कडक व्हायच्या आधी कातडीला पुन्हा पुन्हा लागलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून युरोपियन युनियनने २०२१ पासून ते फक्त प्रशिक्षित लोकांनीच वापरायचं असं बंधन घातलं. जेल लॅम्पखाली कडक व्हावं म्हणून घातला जाणारा टीपीओ नावाचा घटक प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननक्षमतेला घातक दिसला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपियन युनियनने सौंदर्यप्रसाधनांत त्याच्यावर पूर्ण बंदी घातली. ही बंदी सगळ्या जगात लागू नाही, जिथे ती नाही तिथे लेबल वाचायचं काम जिचं तिलाच करावं लागतं.

या अ‍ॅलर्जीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं कारण ती नुसती बोटापुरती राहत नाही. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. आणि याच जातीची रसायनं दातात भरायच्या सिमेंटमध्ये असतात, सांधा बदलायच्या ऑपरेशनमध्ये हाडाला धरून ठेवणाऱ्या सिमेंटमध्ये असतात. म्हणजे सतराव्या वर्षी हौसेने घरी मागवलेल्या किटमुळे साठाव्या वर्षी डॉक्टरांसमोर अडचण उभी राहू शकते. सगळ्यांना होते असं नाही, बहुतेकींना होत नाही, पण जिला होते तिला ती होतेय हे कळतही नाही, कारण पुरळ बऱ्याचदा बोटांवर यायच्या ऐवजी पापण्यांवर, गालावर, मानेवर येतं, जिथे जिथे बोटं लागतात तिथे. माझ्या ओळखीतली एक मुलगी कितीतरी दिवस सुजलेल्या, खाजणाऱ्या पापण्या घेऊन फिरत होती, क्रीम बदलत होती, काजळ बंद केलं, उशीचे अभ्रे बदलले. नखं ती रात्री दार लावून घरातल्या किटने करायची आणि दिवसा प्रेस-ऑन आहेत असं सांगायची, कारण तिच्या घरी नखं हा रोजच्या भांडणाचा विषय होता. डॉक्टरकडे आई सोबत असायची म्हणून तिथेही ती बोलली नाही. डॉक्टरला नखांबद्दल कळलंच नाही तर तो पापण्यांचं कारण कुठून शोधणार?

म्हणून मी म्हणते की वळणाचा गोंगाट अपाय करतो. ज्या मुलीला नखांवरून रोज बोलणी खावी लागतात ती नखाखाली हिरवट डाग दिसला तरी दाखवणार नाही, वरून अजून एक गडद रंग लावेल. तो हिरवा डाग म्हणजे नखं सुटून आत ओल राहिली आणि त्यात जंतू वाढले, बहुतेक वेळा तोच सूडोमोनास. वेळीच काढलं, कोरडं ठेवलं, डॉक्टरला दाखवलं तर साधी गोष्ट, झाकून ठेवलं तर नखुरडं आणि पुढचं सगळं. तीच मुलगी नखं काढायला परत पार्लरला जायला घाबरते किंवा पैसे मागायला घाबरते आणि दातांनी, कात्रीने उपटून काढते, त्याच्याबरोबर स्वतःच्या नखाचे पापुद्रे निघतात. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे एक पूर्ण नख नवीन यायला सहा महिने लागतात. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून शांतपणे सोडवायचं, ओढायचं नाही, एवढं एक वाक्य तिला कुणीतरी प्रेमाने सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते.

इथे मला एक शंका दिसते, की मग तुम्हीही तब्येतीच्या नावाखाली तेच करताय की, नका लावू म्हणताय. शंका रास्त आहे कारण बायकांना तब्येतीचं कारण देऊन अडवायचा इतिहास मोठा आहे. १८९० च्या दशकात सायकल चालवणाऱ्या बायकांना इंग्लंड-अमेरिकेतले काही डॉक्टर सांगायचे की जास्त सायकल चालवल्याने चेहरा कायमचा ओढलेला होतो, डोळे बाहेर येतात, त्याला त्यांनी सायकल-चेहरा असं नावही दिलं होतं. असा काही आजार नव्हता. मग खरा इशारा आणि बनावट इशारा ओळखायचा कसा? माझी कसोटी अशी आहे की खरा इशारा तुम्हाला काहीतरी वेगळं करायला सांगतो आणि बनावट इशारा तुम्हाला कुणीतरी वेगळी व्हायला सांगतो. लॅम्पखाली हात घालताना बोटांची टोकं उघडी ठेवणारे हातमोजे घाला किंवा सनस्क्रीन लावा, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात तेव्हा ते तुमच्या वळणाबद्दल बोलत नसतात. २०२३ मध्ये त्या लॅम्पच्या प्रकाशाने पेशींमधल्या डीएनएला इजा होते असं एक संशोधन आलं, ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर होतं, माणसाच्या हातावर नव्हे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण एक हातमोजा घालायला काय लागतं? जेल कातडीला लागू देऊ नका, लागलं तर लॅम्पच्या आधी पुसा, मधूनमधून नखांना सुट्टी द्या, खाज सुटली तर थांबा. या सगळ्यात मुलगी जशी आहे तशीच राहते.

वयाचा मुद्दा मात्र मी सैल सोडणार नाही. तेरा वर्षांची मुलगी आणि तेवीस वर्षांची बाई यांना एकाच वाक्यात घालून दोन्ही बाजू बोलतात हा या वादातला सगळ्यात मोठा घोळ आहे. तेवीस वर्षांच्या बाईला कुणाची परवानगी लागत नाही. तेराव्या वर्षी अ‍ॅलर्जी म्हणजे काय, जन्मभर म्हणजे किती, हे कळत नसतं, आणि वर्गातल्या चौघींनी लावली म्हणून लावायचीच असते, दोन-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे नख वाढून पडलेली फट भरून घेणं, आलंच, ते थांबवलं तर हात उघडे वाटायला लागतात, आणि या चक्रातून बाहेर पडायची ताकद मोठ्या बायकांनाही गोळा करावी लागते. हा दबाव खरा आहे, माझी मर्जी म्हणताना तो नाकारू नये. शाळेने नको म्हटलं तर मी शाळेच्या बाजूने आहे, फक्त कारण खरं द्यावं. नेटबॉलच्या नियमांत खेळाडूंची नखं आखूड आणि गुळगुळीत हवीत असं लिहिलेलंच आहे, कारण दुसऱ्याला ओरखडा बसतो. असं कारण मुलीला समजतं आणि ते मुलांच्या नखांनाही लागू पडतं. चांगल्या घरच्या मुली असं करत नाहीत हे कारण नाही, तो अपमान आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलीला अपमान आणि कारण यातला फरक नक्की कळतो. हट्टच असेल तर प्रेस-ऑन द्या, सुट्टीपुरती लावेल, काढून ठेवेल.

आणि या सगळ्या भांडणात जिचं नावच निघत नाही ती म्हणजे नखं करणारी बाई. लावणारीचा हात दोन-तीन आठवड्यांतून एकदा त्या धुळीत आणि वासात असतो, हिचा दिवसभर, रोज. अमेरिकेत या धंद्यात व्हिएतनामी बायका इतक्या मोठ्या संख्येने आहेत त्याची सुरुवात १९७५ मध्ये झाली, युद्धानंतर निर्वासित म्हणून आलेल्या वीसेक बायकांना टिपी हेड्रन या अभिनेत्रीने आपल्या मॅनिक्युरिस्टकडून हे काम शिकवलं, त्यांच्या पायावर कितीतरी कुटुंबं उभी राहिली. वेगळी भाषा, हातात कागद नाहीत, अशा बाईला स्वतःच्या पायावर उभं करणारी कामं जगात फार थोडी आहेत, हे नखांना थिल्लर म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आणि त्याच धंद्यात २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्लरांमधल्या मजुरीची आणि आजारांची बातमी आली तेव्हा कळलं की कितीजणींना नीट पगारही मिळत नव्हता, खोकला, कातडीचे त्रास, मग सरकारला हातमोजे आणि मास्क देणं सक्तीचं करावं लागलं. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी सगळ्यात जास्त यांनाच होते, आणि झाली की शिकलेला धंदाच सोडावा लागू शकतो. माझी मर्जी म्हणणाऱ्या मुलीने खुर्चीत बसताना एवढं जरूर बघावं की खिडकी उघडी आहे का, धूळ ओढणारा पंखा आहे का, समोरच्या ताईच्या हातात मोजे आहेत का, आणि नसतील तर मालकाला विचारावं. गिऱ्हाईकाने विचारलेलं मालक ऐकतो, तिने विचारलेलं ऐकेलच असं नाही.